मायापुरीचं भंगार: कोबाल्ट-६० चं एक प्रकरण

पश्चिम दिल्लीतलं मायापुरी हे देशातल्या मोठ्या भंगार बाजारांपैकी एक. जुन्या गाड्या, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं, परदेशातून आलेलं लोखंड, सगळं इथे येतं, फोडलं जातं, धातूनुसार वेगळं होतं आणि किलोच्या भावाने पुढे जातं. २०१० च्या मार्च-एप्रिलमध्ये इथली काही माणसं एकामागोमाग आजारी पडू लागली. कातडी काळवंडली, नखं काळी पडली, केस गळू लागले, पोट बिघडलं. भंगाराच्या धंद्यात ॲसिड आणि बॅटऱ्यांशी रोजचाच संबंध, त्यामुळे असल्या तक्रारींचं कारण कोणीही आधी तिथेच शोधेल. पण एका खासगी रुग्णालयाला हे वेगळं वाटलं. किरणोत्साराची शंका तिथून कळवली गेली आणि ७ एप्रिलला ती मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळापर्यंत पोचली.

मंडळाची माणसं बाजारात पोचली तेव्हा किरणोत्सार आहे हे समजायला वेळ लागला नाही. प्रश्न होता कशाचा. गॅमा किरणांच्या बाबतीत हे उत्तर बरंचसं नेमकं मिळतं, कारण प्रत्येक किरणोत्सारी समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) आपल्या ठरावीक ऊर्जेचेच किरण सोडतो. उपकरणावर दोन शिखरं दिसली, एक १.१७ आणि दुसरं १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला, तर ओळख पक्की: कोबाल्ट-६०. मायापुरीत सापडला तो हाच.

या प्रकरणाबद्दल त्या वेळी पुष्कळ छापून आलं, आणि त्यातलं बरंच भंगारवाल्यांच्या अडाणीपणावर होतं. माझं मत उलट आहे. या साखळीत ज्यांना काहीच माहीत असण्याचं कारण नव्हतं असे लोक म्हणजे भंगारवालेच. बाकी प्रत्येक कडीवर शिकलेली माणसं होती.

धातू साधा, समस्थानिक घडवलेला

कोबाल्ट हा धातू स्वतः किरणोत्सारी नाही. गेओर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७३० च्या दशकात तो वेगळा केला. त्याच्या कितीतरी आधीपासून काचेला आणि चिनी मातीला निळा रंग आणायला त्याची खनिजं वापरली जात होतीच. निसर्गात मिळणारा सगळा कोबाल्ट एकाच प्रकारचा, कोबाल्ट-५९, आणि तो अगदी स्थिर.

या अणूच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन शिरला की कोबाल्ट-६० तयार होतो. जॉन लिव्हिंगूड आणि ग्लेन सीबोर्ग या दोघांनी १९३० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत तो ओळखला. तेव्हा तो कुतूहलाचा विषय होता. त्याचा उपयोग सुरू झाला अणुभट्ट्या आल्यावर, कारण न्यूट्रॉनचा अखंड मारा भट्टीतच मिळतो. कोबाल्टच्या बारीक गोळ्या भट्टीत ठेवायच्या, वर्ष-दोन वर्षांनी बाहेर काढायच्या, पोलादी नळीत सीलबंद करायच्या. या नळ्यांना धंद्यात पेन्सिल म्हणतात.

यात कॅनडा आघाडीवर होता. तिथल्या चॉक रिव्हरच्या भट्टीत तयार झालेल्या कोबाल्टवर १९५१ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार सुरू झाले, ओंटारिओतल्या लंडन गावी आणि सॅस्काटूनला, जवळजवळ एकाच वेळी. त्याआधी असे किरण हवे असतील तर रेडियम लागायचं, आणि रेडियम ग्रॅमागणिक सोन्याहून कितीतरी पट महाग. कोबाल्टने ही अडचण संपवली. पुढची कित्येक वर्षं जगभरातल्या रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत कॅनडाची कोबाल्ट यंत्रं जात राहिली. मायापुरीत जे फोडलं गेलं आणि ज्यातून हा कोबाल्ट बाहेर आला, ते यंत्रही कॅनडाचंच होतं.

आता गुणधर्म. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे दर सव्वापाच वर्षांनी त्याची तीव्रता निम्मी होते. अणू फुटतो तेव्हा एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, पाठोपाठ दोन गॅमा किरण, आणि मागे उरतो निकेल-६०, जो निरुपद्रवी असतो. इलेक्ट्रॉनची फारशी चिंता नाही, पोलादी नळीच त्याला अडवते. गॅमा मात्र आरपार जातात. त्यांना अडवायला जड धातू लागतो, आणि स्वस्तात मिळणारा जड धातू म्हणजे शिसं. साधारण १.२ सेंटिमीटर जाडीचं शिसं हे किरण निम्म्यावर आणतं. ढोबळ हिशेबाने २४ सेंटिमीटर जाडीत ते वीस वेळा निम्मे होतात, म्हणजे दहा लाखांत एक भाग उरतो.

भंगार बाजारात शिशाला चांगला भाव असतो. या प्रकरणाचं निम्मं स्पष्टीकरण तिथेच आहे.

पंचवीस वर्षं बंद

यंत्र होतं गॅमासेल-२२० नावाचं. मोठ्या ड्रमसारखं दिसणारं, आत शिशाचं जाड कवच, त्याच्या पोटात कोबाल्टच्या पेन्सिलींचं गोल कडं. वरून नमुना ठेवायचा, बटण दाबलं की नमुन्याची नळी खाली कड्याच्या मधोमध उतरते, ठरावीक वेळाने वर येते. स्रोत कधी बाहेर येत नाही, नमुना आत जातो. नीट वापरलं तर अत्यंत सुरक्षित यंत्र. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस घेतलं. किरणांमुळे रेणू कसे तुटतात, द्रावणात आणि बहुवारिकांत (प्लास्टिकसारख्या पदार्थांत) काय घडतं, अशा अभ्यासाला ते लागतं.

१९८५ पर्यंत ते वापरात होतं. मग थांबलं. विभागाच्या एका खोलीत ते पंचवीस वर्षं पडून राहिलं.

सरकारी किंवा अनुदानित संस्थेत काम केलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. डेड स्टॉक रजिस्टर असतं, त्यात वस्तूचं नाव, खरेदीचं वर्ष, किंमत. काही वर्षांनी एक समिती बसते, खोल्या रिकाम्या करायच्या असतात, वस्तूंसमोर ‘निकामी’ असा शेरा पडतो, निर्लेखनाचा ठराव होतो, लिलावाची नोटीस लागते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते यंत्र असंच लिलावात निघालं आणि मायापुरीच्या व्यापाऱ्याने घेतलं.

एक तांत्रिक बाब इथे लक्षात घ्यायला हवी. समजा लिलावाच्या दिवशी कोणी किरणमापक घेऊन यंत्राभोवती फिरलं असतं, तरी काटा फारसा हलला नसता, कारण कवच शाबूत होतं. कवच जितकं चांगलं तितका आतला ऐवज बाहेरून कळेनासा. म्हणजे आत काय आहे हे सांगणाऱ्या गोष्टी दोनच उरतात: यंत्रावरची पाटी आणि कपाटातली फाइल. त्या दोन्ही वाचू शकणारी माणसं विद्यापीठात होती. मायापुरीत नव्हती.

मी त्या निर्लेखन समितीला दुष्ट मानत नाही. बहुधा कोणालाच ते यंत्र नेमकं काय आहे हे आठवत नसावं. पण रसायनशास्त्र विभागाला ‘आम्हाला कळलं नाही’ ही सबब मिळत नाही. अर्धायुष्याचं गणित तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

तेच गणित करून पाहू. यंत्र आलं त्याला २०१० मध्ये सुमारे चाळीस वर्षं झाली होती. चाळीस भागिले ५.२७ म्हणजे साडेसात अर्धायुष्यं. मूळ तीव्रतेचा साधारण १९० वा भाग शिल्लक, अर्धा टक्का. संशोधनाच्या दृष्टीने तो स्रोत संपलेला होता, नमुन्याला हवी ती मात्रा द्यायला दिवसच्या दिवस लागले असते. त्या अर्थाने ‘निकामी’ हा शेरा चुकीचाही नव्हता. फक्त प्रयोगाला निकामी आणि माणसाला निरुपद्रवी या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे, आणि त्या अंतरात मायापुरी घडलं.

अकरा तुकडे

गोदामात यंत्र फोडलं गेलं. कामगारांना शिसं हवं होतं, ते त्यांनी काढलं. आत चकचकीत पोलादी, लहान, हाताला जड लागणाऱ्या वस्तू निघाल्या. त्यांनी त्याही कापल्या. स्रोताचे अकरा भाग वेगवेगळ्या ठिकाणी पोचले. आठ त्याच गोदामात राहिले, दोन जवळच्या दुसऱ्या दुकानात गेले, आणि सगळ्यात छोटा तुकडा एका व्यापाऱ्याने स्वतःच्या पाकिटात ठेवला. पाकीट पँटच्या मागच्या खिशात.

पाकिटातल्या तुकड्याने काय केलं असेल याचा अंदाज आकड्यांवरून येतो. एक क्युरी म्हणजे सेकंदाला ३,७०० कोटी अणू फुटणं. एक क्युरी कोबाल्ट-६० पासून एक मीटरवर तासभर उभं राहिलं तर सुमारे १३ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते (सीव्हर्ट हे शरीराला लागलेल्या किरणांचं एकक, मिलिसीव्हर्ट त्याचा हजारावा भाग). आपल्याला जमीन, आकाश, हवा यांतून वर्षभरात मिळणारी नैसर्गिक मात्रा जगाच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट असते. म्हणजे तासाभरात पाचेक वर्षांचा वाटा. तरीही हे जीवघेणं नाही. पण अंतर कमी झालं की मात्रा वर्गाच्या प्रमाणात चढते. एका मीटरऐवजी दहा सेंटिमीटर अंतर केलं तर शंभरपट, तासाला १.३ सीव्हर्ट. सगळ्या शरीराला थोड्या वेळात चार-पाच सीव्हर्ट मिळाले आणि उपचार झाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात. एक सेंटिमीटरवर, म्हणजे खिशातल्या पाकिटाच्या अंतरावर, हिशेब दहा हजारपट. तुकडा क्युरीचा छोटासा अंश असला तरी तेवढ्या जागेपुरती मात्रा भयंकर होते.

पाकीटवाल्या व्यापाऱ्याच्या कमरेखाली खोल भाजल्यासारखी जखम झाली. तो वाचला. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण वर्गाचाच नियम इथे उलट बाजूने मदतीला येतो: छोटा तुकडा एकाच जागी मारा करतो, उरलेल्या शरीराला त्या मानाने कमी लागतं. गोदामात उघड्या स्रोतांच्या आसपास तासन्‌तास वावरणाऱ्यांचं नेमकं उलट झालं. त्यांच्या कातडीवर तितकी मोठी जखम नसेलही, पण अस्थिमज्जेला सगळीकडून मार बसत होता.

अस्थिमज्जेचा आजार सावकाश कळतो, म्हणून फसवतो. पहिल्या काही तासांत मळमळ, उलट्या. त्या थांबतात, माणसाला बरं वाटतं, तो कामावर जातो. आतमध्ये नव्या रक्तपेशी तयार होणं थांबलेलं असतं, जुन्या आपल्या आयुष्यमानाने संपत जातात. लिम्फोसाइट या पेशी सर्वांत आधी, एक-दोन दिवसांतच घसरतात. त्यामुळे संशय असेल तर साधी रक्ततपासणी दर काही तासांनी परत करणं हीच सर्वांत उपयोगी चाचणी. दोन-तीन आठवड्यांनी केस जातात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तळाला जातात, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव सुरू होतो. डॉक्टरकडे माणूस बहुतेक वेळा याच टप्प्यावर पोचतो, आणि ‘महिन्याभरापूर्वी काय हाताळलंस?’ हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही.

मायापुरीतल्या सात-आठ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. एप्रिलच्या अखेरीस त्यांतल्या एकाचा मृत्यू झाला. पस्तिशीतला कामगार होता.

तोवर भाभा अणुसंशोधन केंद्र, नियामक मंडळ आणि नरोरा अणुवीज केंद्राची पथकं बाजारात काम करत होती. भंगाराच्या ढिगातून दहा-वीस ग्रॅमचा धातूचा तुकडा शोधणं म्हणजे मापक पुढे करत चालायचं, काटा चढला की थांबायचं, काही सेकंदच जवळ जायचं, लांब चिमट्याने माल बाजूला करायचा, मागे यायचं, दुसऱ्याने पुढे जायचं. अंतर, वेळ आणि शिसं ही तीनच साधनं. एप्रिलच्या मध्यापर्यंत स्रोत गोळा झाले, शिशाच्या पिंपांत भरून नरोराला हलवले गेले. यंत्रात मुळात जेवढा कोबाल्ट होता त्याचा हिशेब जुळला असं नंतर जाहीर झालं.

सुरुवातीला हा माल परदेशी भंगारातून आला असावा अशी चर्चा होती. ती सगळ्यांच्या सोयीची होती. महिनाअखेर दिल्ली पोलिसांचा तपास विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागापर्यंत पोचला आणि ती सोय संपली. कुलगुरूंनी नैतिक जबाबदारी स्वीकारली. नियामक मंडळाने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस दिली. आंतरराष्ट्रीय अणुघटना मापनश्रेणीवर या प्रकरणाची नोंद चौथ्या पातळीवर झाली. ही श्रेणी सातपर्यंत जाते, चेर्नोबिल सातवर आहे.

आधीच घडून गेलेलं

या प्रकरणात नवीन जवळजवळ काहीच नव्हतं. १९८३ च्या अखेरीस मेक्सिकोच्या सिउदाद ह्वारेस शहरात कर्करोगोपचाराचं न वापरलेलं यंत्र भंगारात गेलं. त्यातल्या कोबाल्टच्या बारीक गोळ्या, काही हजार, लोखंडाबरोबर वितळल्या आणि इमारतीच्या सळया होऊन बाजारात आल्या. कोणालाच कळलं नसतं. जानेवारी १९८४ मध्ये सळया घेऊन जाणारा एक ट्रक रस्ता चुकून अमेरिकेतल्या लॉस ॲलमॉस प्रयोगशाळेच्या दारात गेला आणि तिथला गजर वाजला. २००० साली थायलंडच्या समुत प्राकानमध्ये पुन्हा कोबाल्टचं उपचारयंत्र, पुन्हा भंगार, तीन मृत्यू.

ब्राझीलचं गोयानिया (१९८७) याहून वाईट. तिथे समस्थानिक होता सीझियम-१३७, तोही मिठासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या भुकटीच्या रूपात, आणि अंधारात निळसर चमकणारा. लोकांनी तो घरी नेला, अंगाला लावला, नातेवाइकांना वाटला. चार माणसं गेली, एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. मायापुरीत कोबाल्ट धातूच्या रूपात होता, पाण्यात विरघळत नव्हता, चमकत नव्हता. त्यामुळे तो पसरला कमी आणि गोळा करता आला. आपण निम्मे नशिबानेही वाचलो.

थायलंडच्या घटनेत यंत्रावर काळ्या-पिवळ्या तीन पाकळ्यांचं चिन्ह होतं. भंगार उचलणाऱ्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. का असावा? तीन पाकळ्यांत भीती वाटण्यासारखं आहे तरी काय, पंखाच वाटतो तो. असल्या अपघातांवरून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नवं चिन्ह तयार करून ११ देशांत, त्यात भारतही होता, सामान्य लोकांना दाखवून पाहिलं आणि २००७ मध्ये जाहीर केलं: लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. यंत्राच्या बाहेर नाही, आतल्या झाकणाखाली ते लावायचं असतं, म्हणजे कोणी फोडायला लागला की ते दिसेल. चांगली कल्पना. पण १९६० च्या दशकातल्या यंत्राच्या आत जाऊन ते कोण चिकटवणार?

मायापुरीच्या दोन वर्षं आधी आपल्याकडे इशारा मिळालेलाही होता. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. बटणांचं पोलाद भारतातून गेलं होतं, आणि माग काढत तपास रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत आला. भंगार वितळवताना कुठलातरी स्रोत त्यात गेला होता. कोणाचा? भट्टीत गेलेल्या धातूला मालक सांगता येत नाही. मायापुरीत निदान तुकडे तुकड्यांच्या रूपात मिळाले. तेच भंगार दोन हात पुढे सरकलं असतं तर तो कोबाल्ट कुठल्या गजांत, कुठल्या भांड्यांत गेला असता हे शोधत बसावं लागलं असतं.

लासलगावचा कांदा

मायापुरीनंतर काही दिवस कोबाल्ट हे नाव वर्तमानपत्रांत राक्षसासारखं येत होतं. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यात लासलगावला ‘कृषक’ प्रकल्पात त्याच कोबाल्टचे किरण कांद्यावर सोडले जात होते, २००२ पासून. साठेक ग्रेची (ग्रे म्हणजे पदार्थाने शोषलेल्या किरणांचं एकक) मात्रा दिली की कांद्याला मोड येत नाहीत. त्याच ठिकाणाहून २००७ मध्ये ४०० ग्रे मात्रा घेतलेला हापूस अमेरिकेला गेला आणि भारतीय आंब्यावरची तिथली अठरा वर्षांची बंदी उठली. अमेरिकेला भीती फळमाशी आणि कोयीतल्या भुंग्याची होती. गॅमा किरणांनी किडा वाढू शकत नाही, फळाची चव तशीच राहते. ट्रॉम्बेला १९७४ पासून ‘आयसोमेड’मध्ये शस्त्रक्रियेचं साहित्य याच किरणांनी निर्जंतुक होतं, वाशीला मसाले. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग केंद्रात २००५ साली बसलेलं भाभाट्रॉन हे देशी कर्करोगोपचार यंत्रही कोबाल्टवर चालतं. त्याला लागणारा कोबाल्ट राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत तयार होतो.

अशा कांद्यात किंवा आंब्यात किरणोत्सार उरत नाही, हे सांगावं लागतं, कारण शंका दरवेळी येते. या ऊर्जेचे गॅमा किरण अणूच्या केंद्रकाला हलवू शकत नाहीत, फक्त रेणू तोडतात. मायापुरीच्या रुग्णांकडूनही शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काही होणार नव्हतं. धोका होता तो फक्त धातूच्या तुकड्यांपासून आणि कापताना सांडलेल्या कणांपासून.

धान्य-फळं प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पांत हजारो, कधी लाखो क्युरी कोबाल्ट असतो. मायापुरीतल्या उरल्यासुरल्या स्रोताच्या तुलनेत हा साठा प्रचंड. काम नसताना तो बहुतेक ठिकाणी खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात, दारं एकमेकांशी अशी जोडलेली असतात की स्रोत वर असताना दार उघडतच नाही, आणि प्रत्येक पेन्सिलीला क्रमांक, नोंद, परतीचा ठरलेला मार्ग असतो. माणसाला मारून गेला तो अर्धा टक्का उरलेला, कोणाच्याच नोंदीत नसलेला कोबाल्ट. स्रोत किती क्युरीचा यापेक्षा तो आज कोणाच्या सहीवर आहे हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

दिल्लीच्या यंत्राच्या बाबतीत ती सही कशी हरवली, हे तारखांत दिसतं. यंत्र आलं १९६० च्या दशकाच्या अखेरीस. नियामक मंडळ स्थापन झालं १९८३ मध्ये. वापर थांबला १९८५ मध्ये. किरणोत्सारी स्रोत बाळगायला आणि विल्हेवाट लावायला परवानगी हवी हे स्पष्टपणे सांगणारे नवे नियम २००४ चे. म्हणजे मंडळ उभं राहत होतं तेव्हाच यंत्र वापरातून जात होतं, आणि नियम आले तेव्हा ते धुळीत पडून होतं. जुन्या स्रोतांची मोजदाद नियामकाने स्वतःहून करायला हवी होती का? माझ्या मते होय. पण यामुळे विद्यापीठाची जबाबदारी हलकी होत नाही. विकत घेतलेल्या वस्तूत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत असतं.

पैशाचीही एक बाजू आहे. स्रोत नियमाने परत करायचा तर खास पेटी, परवानगी, वाहतूक, सगळा खर्च संस्थेचा. लिलावात तीच वस्तू दिली तर रक्कम जमा होते. हिशेबतपासनीसाच्या नजरेतून दुसरा मार्ग आदर्श ठरतो. ही रचना बदलली नाही तर केवळ प्रशिक्षणाने काय होणार?

नंतर काही पावलं पडली. विद्यापीठांना त्यांच्याकडचे किरणोत्सारी स्रोत तपासायला सांगितलं गेलं. परवान्यांची आणि स्रोतांची नोंद संगणकावर आली. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, महालेखापरीक्षकांनी नियामक मंडळाच्या कामावर अहवाल संसदेत ठेवला. देशातली सुमारे ९१ टक्के वैद्यकीय क्ष-किरण केंद्रं मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती, असं त्यात होतं. क्ष-किरण यंत्र बंद केलं की किरणही बंद होतात, म्हणून ते कोबाल्टइतकं धोक्याचं नाही. पण नोंदीची अवस्था त्यातून कळते.

२०१० मध्येच संसदेने अणुहानीच्या नागरी दायित्वाचा कायदा मंजूर केला. त्यावर महिनोन्‌महिने वाद झाला: अणुभट्टीत अपघात झाला तर भरपाई किती, पुरवठादार कंपनीला किती धरायचं, भोपाळची पुनरावृत्ती कशी टाळायची. कायद्याचा सगळा रोख अणुवीज केंद्रं आणि तत्सम प्रकल्पांवर. चर्चा चालू असतानाच राजधानीत किरणोत्साराने एक माणूस गेला होता, आणि तो ज्या यंत्राने गेला ते त्या कायद्याच्या चौकटीत बसत नव्हतं. विद्यापीठाच्या खोलीतलं जुनं गॅमासेल म्हणजे अणुप्रकल्प नव्हे. असंच दुसरं यंत्र कुठल्या लिलावात निघालं असतं, तर भंगार फोडणाऱ्या कामगाराला भरपाई मागायला त्या कायद्याचा आधार मिळाला नसता, आणि न्यायालयात पहिला पुरावा मागितला गेला असता तो त्या संस्थेच्या डेड स्टॉक रजिस्टरचा.